मी कायद्यासाठी आणलेलं स्टूल

मी एक लाकडी स्टूल बोलतोय. पडदे-चादरींच्या दुकानात असतो. माझं बोलणं संथ आहे, घाई असेल तर पुन्हा कधीतरी ऐका.

एका जुन्या दरवाजाच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं. दुकानात दिवसभर उभं राहून विकणाऱ्या बायकांसाठी बसायची सोय हवी, असा कायदा आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांनी दोन घटका टेकावं, एवढंच त्यात म्हटलंय. मालकांना तशी नोटीस आली होती. ते सुताराला म्हणाले, "कायद्याला बसायला एक स्टूल करून दे."

"कायद्याचं वजन किती असेल, मालक?" सुतारानं विचारलं.

"हलकंच कर. वर्षातून एकदाच बसतो."

दोघंही हसले. मला वाटलं, गंमत चाललीये.

मला मागच्या कोठीत ठेवलं. डोक्यावर पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे चढले. मालक तसे वाईट नव्हते. विकणारी बसलेली दिसली की दुकान आळशी वाटतं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

सगळ्यात जुनी विक्रेती म्हणजे मावशी. वीस वर्षं त्याच काउंटरमागे उभी. दुपारी दुकान रिकामं झालं की एक पाय दुसऱ्या पावलावर टेकवून ती चादरींच्या घड्या घालायची. एक पाय दमला की दुसरा. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या टरारून यायच्या.

एकदा ती माल काढायला कोठीत आली. गठ्ठे उतरवले आणि माझ्यावर बसली. जेमतेम पाच श्वास. तेवढ्यात दारात मालक दिसले. ती इतक्या घाईनं उठली, की मी आडवा पडलो.

"चुकलं मालक," ती म्हणाली.

तिच्याच नावानं मला दुकानात आणलं होतं आणि तीच माझ्यावर बसल्याची माफी मागत होती. मला जीभ असती तर? हे दुःख अजून जात नाही.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. त्या दिवशी मावशी मला पदरानं पुसून बाहेर आणायची. साहेब जिना चढून दमलेले असत. ते माझ्यावरच बसत, चहा घेत आणि विचारत, "बायकांना बसायची सोय आहे ना?" मालक म्हणत, "त्या सोयीवरच तर बसलाय, साहेब." कागदावर बरोबरची खूण व्हायची. मावशी शेजारी उभीच.

पुढे दुकानात एक चष्मेवाली मुलगी कामाला आली. बोलायला जरा फटकळ. तपासणीच्या दिवशी साहेब बसायला वाकले, तशी ती म्हणाली, "साहेब, ते मावशींचं आहे. तुम्हाला मालकांची खुर्ची आणते."

साहेब तसेच अर्धवट वाकलेले राहिले. मग सरळ होऊन त्यांनी मावशीला विचारलं, "तुम्ही रोज यावर बसता का?"

मावशीनं मालकांकडे पाहिलं. नोकरी गेली तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

"बसते की," ती म्हणाली.

खूण झाली. त्या दिवशी मावशीनं मला परत नेलं, तेव्हा माझ्यावर गठ्ठे ठेवले नाहीत. नुसता हात ठेवून थोडा वेळ थांबली.

चष्मेवालीनं मग स्वतः कचेरीत जाऊन अर्ज दिला. हेलपाटे घातले. आठ महिन्यांनी लेखी हुकूम आला आणि मी काउंटरमागे आलो. पण पाय साथ देईनात म्हणून मावशीनं त्याआधीच काम सोडलं होतं.

आता मी रोज वापरात आहे. मुली आळीपाळीनं टेकतात, माझ्या डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठा सारतात. दुकान काही आळशी झालेलं नाही.

परवा मावशी आली, काठी टेकत, उशीचे अभ्रे घ्यायला. चष्मेवालीनं मला तिच्यापुढे ओढलं. "बसा मावशी. तुमचंच आहे."

मावशीनं जुन्या सवयीनं मला पदरानं पुसलं. आता ती गिऱ्हाईक होती, तिला कोण उठवणार होतं? तरी तिनं गल्ल्याकडे पाहिलं.

"मालक, बसू का?"

मालकांनी मान खाली घातली. ती उभीच राहिली.

बायांनो, माझं आता फार आयुष्य उरलेलं नाही. एकच मागणं आहे. दमलात की माझ्यावर बसा, पण बसताना कोणाला विचारू नका.