चहा आणि एक बिस्किट

लोकांनी लिहिलेल्या खाण्याच्या चारशे बारा डायऱ्या वाचून ताईचा माणसांवरचा विश्वासच उडाला होता. "सकाळी चहा, एक बिस्किट." जगात दुसरं बिस्किट कुणी खातच नाही! मग हे पुडे संपतात कसे, उंदीर खातात? केक खाल्ला तर तो "चवीपुरता", दोनदा वाढून घेतलं तर ते "थोडंसं". लोक खातात काय आणि खाल्लं म्हणून सांगतात काय, यातलं अंतर मोजणं हेच तिचं संशोधन. बारा वर्षं ती तेच मोजत होती आणि बारा वर्षं तिचं डोकं तापलेलंच होतं.

या थापांवर तिच्याकडे एक उतारा होता, पाणी. लॅबमध्ये खास बनवलेलं ग्लासभर पाणी प्यायचं, पंधरा दिवस लघवीचे नमुने द्यायचे, की शरीराने रोज किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. वजन हललं नसेल तर तेवढंच पोटात गेलं असणार. पाण्यापुढे कुणाची मखलाशी चालत नाही.

ऐन वेळी एका बाईंनी प्रयोगातून अंग काढून घेतलं, म्हणून ताईने धाकट्या बहिणीला गळ घातली. धाकटी शिवणकाम करायची, दिवसभर मशीनवर बसून. अंगाने चांगली जाडजूड. लहानपणापासून ताईचा डोळा तिच्या ताटावर असे, आणि "मी एवढंच खाते गं" हे तिचं पालुपद ऐकून ताईचे कान किटले होते.

"येते," धाकटी म्हणाली. "पण पाणी काय म्हणेल ते मला सांगायचं. खोटी निघाले तर तू म्हणशील ते ऐकेन. खरी निघाले तर माझ्या जेवणाबद्दल परत एक शब्द काढायचा नाहीस."

"चालेल की," ताई म्हणाली. आपण हरू असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी धाकटीची डायरी आली. रोजच्या एकोणीसशे कॅलरी. ताई भडकली. परक्यांनी थापा माराव्यात, ते एक वेळ समजू शकतं. पण सख्ख्या बहिणीने? भर दुपारी तिने धाकटीचं घर गाठलं आणि सरळ डबे उघडायला सुरुवात केली. पिठामागे पाहिलं, कपाटावर पाहिलं, बटणांचा डबा हलवून पाहिला. त्यात बटणंच होती. फ्रीजच्या हँडलला पांढरा दोरा लोंबत होता.

"जिथे तिथे दोरे! जरा आवरत जा," ताई करवादली. फ्रीजमध्ये अर्धा कोबी, चार अंडी आणि दूध.

"सापडलं काही?" धाकटीने विचारलं. तिने मशीनवरची मान वर केली नव्हती.

"कुठे लपवतेस ते कळेलच."

धाकटीचं मशीन मात्र जोरात चालू लागलं.

तीन आठवड्यांनी तंत्रज्ञाने निकालाचा कागद ताईच्या टेबलावर ठेवला. धाकटीचा क्रमांक एकसष्ट. डायरी म्हणते एकोणीसशे, पाणी म्हणतं एकोणीसशे चाळीस. वजन जागच्या जागी.

"परत काढ," ताई म्हणाली. त्याने परत काढलं.

"मॅडम, शंभरदा काढलं तरी पाणी हेच सांगणार."

त्याच कागदावर सगळ्यांत वर क्रमांक एक होता. चाचणी म्हणून पहिला ग्लास ताईनेच प्यायला होता. डायरी सोळाशे, पाणी बावीसशे. वजन इथेही जागच्या जागी. तिने कपाटातून स्वतःची डायरी काढली. पहिल्याच पानावर तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: सकाळी चहा, एक बिस्किट. तिला संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

संध्याकाळी तिने तो कागद धाकटीच्या मशीनवर ठेवला. "तू खरं लिहिलं होतंस. माझं चुकलं."

धाकटीने आकड्यांवर बोट ठेवून ते वाचले. मग पुन्हा वाचले. ती आता आपल्याला धारेवर धरणार, म्हणून ताई तयारच बसली होती.

"सुनाव मला, चांगलं सुनाव," ताई शेवटी वैतागून म्हणाली. "तुला तर पहिल्यापासून माहीत होतं."

"नव्हतं गं." धाकटीचा आवाज बारीक झाला होता. "तू एवढी शिकलेली. इतकी वर्षं सांगतेयस, चोरून खातेस म्हणून. मला वाटायला लागलं, मी झोपेत उठून खात असेन. म्हणून झोपताना फ्रीजला दोरा बांधायचे, घट्ट गाठ मारून. सकाळी गाठ तशीच असायची."

"किती दिवस?"

"चार वर्षं झाली."

"अगं, गाठ तशीच असायची, मग थांबली का नाहीस?"

"गाठ मीच मारत होते ना, ताई," धाकटी म्हणाली. "तिच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा?"