महाराजांचा साबण

"शेंदराचा हात तोंडाकडे न्यायचा नाही. आधी साबणानं धू, नखांतून काढ, मग प्रसाद घे. मारुतीराया कुठं पळून जात नाही."

अण्णांचा हा आवाज पन्नास वर्षांनंतरही प्रेमलाताईंच्या कानात तसाच होता. अण्णा देवासच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. लोखंडी तुळयांना केशरी प्रायमर फासून घरी आले, की सदऱ्याला अळशीच्या तेलाचा वास यायचा. अंगणातल्या नळावर हात खसाखसा धुतल्याशिवाय ते लेकीला जवळ घेत नसत. अण्णा गेले, पण प्रेमलाताईंचा शनिवारचा मारुती चुकला नाही. रोजचं अथर्वशीर्ष चुकलं नाही, की नैवेद्याआधी पाणी न पिण्याचा नेमही मोडला नाही. आणि शेंदूर लावल्यावर हात धुणं तर कधीच चुकलं नाही.

म्हणूनच भाचा अंबरीश म्हणाला, "आत्या, चल ना सत्संगाला. तू एवढी देवाची, तुला खूप आवडेल."

शनिवारी औद्योगिक वसाहतीमागचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. मंचावर काचेची टाकी, त्यात मिठाचं पाणी आणि पाण्यात दोन त्रिशूळ. एक गंजून लाल चिखल झालेला. दुसऱ्यावर शेंदराचा जाड केशरी थर, चोला. लोहसिद्ध महाराजांनी दुसरा बाहेर काढला, सुरीनं चोला खरवडला. आतलं लोखंड लख्ख!

"देखो भिया, देखो! महीनाभर खारे पानी में! कंपनीवाले लाखों का पेंट पोतते हैं, फिर भी पाइप सड़ जाते हैं. और यहाँ? मंत्र का कवच!"

"लोहसिद्ध महाराज की जय!"

"अरे, लोहा तो लोहा है माई, खंभे में हो कि खून में! बच्चा पीला क्यों पड़ता है? खून का लोहा जंग खा गया! चढ़ाओ उसको भी चोला, अंदर से!"

ते 'अंदर से' ऐकलं आणि प्रेमलाताई मंच नीट दिसावा म्हणून पुढे सरकल्या.

मग रांग लागली. मधात कालवलेल्या केशरी लेपात महाराज बोट बुडवत आणि पोराच्या तोंडात घालत. तेच बोट पंच्याला पुसत, पुन्हा बुडवत, पुढच्या तोंडात. पंचा शेंदूर आणि लाळेनं चिकट झाला होता. रांगेत अंबरीशची बायको अपेक्षा होती, आणि तिचा पदर धरून त्यांची लेक किमया. सात वर्षांची पोर, ओठसुद्धा पांढुरके. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या. त्या केव्हाच बंद झाल्या होत्या. आता रोज सकाळी चमचाभर हा लेप.

किमयानं आ केला. प्रेमलाताईंनी मान फिरवली.

पायाचा चिखल धुवायला त्या कनातीमागच्या नळाकडे गेल्या. तिथं महाराजांचं ताट वाढलं होतं, दाल-बाफले आणि लाडू. महाराज मात्र ताटावर बसले नव्हते. चेला पाणी घालत होता आणि ते साबणानं कोपरापर्यंत हात घासत होते. मग ब्रश घेऊन एकेक नख. एका नखात केशरी कण राहिलेला दिसला तसे चेल्यावर डाफरले, "अंधा है क्या? और पानी डाल!"

प्रेमलाताई चिखलाच्या पायांनीच परतल्या. अण्णाही असेच धूत. पण अण्णा लेकीला शेंदरापासून लांब ठेवत. हा माणूस दुसऱ्यांच्या लेकरांच्या तोंडात घालून स्वतःचं बोट धूत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यांना किळस आली, अशी की घरी येऊन त्यांनी स्वतःचेच हात दोनदा धुतले.

रात्रीचं जेवण त्यांनी अंबरीशकडेच केलं. लेपाची बाटली हातात घेतली. एवढीशी बाटली, पण नको इतकी जड. झाकण उघडलं तर मधाच्या आडून तोच वास, अण्णांच्या सदऱ्याचा.

"अंबरीश, तू मेंटेनन्सला आहेस. गंजू नये म्हणून पाइपांना काय लावतोस रे?"

"प्रायमर. आधी सगळं घासून काढायचं, मग एपॉक्सी, दोन हात."

"मग हा प्रायमर कसा ओळखला नाहीस?"

"आत्या, कुछ भी! प्रायमर राखाडी असतो. हा तर भगवा आहे, देवाचा."

"तुझे आजोबा हाच लावायचे. शेंदूर आणि अळशीचं तेल. शेंदूर शिशापासून करतात, आणि शिसं विष असतं. म्हणून तर कारखान्यांनी तो सोडला."

अपेक्षाचे डोळे भरले. "म्हणजे मी लेकीला विष देतेय? सकाळ-संध्याकाळ पोट दुखतं म्हणते, तर महाराज म्हणाले, जंग बाहेर पडतोय."

"आधी रक्त तपासू या. इंदूरला रक्तातलं शिसं मोजतात."

"आधीच रक्त कमी, त्यातून आणखी काढायचं? नाही आत्या."

शेवटी अंबरीशनं तोड काढली. बाटली आठ दिवस आत्याच्या कपाटात राहील. लोखंड मंत्रानं नव्हे, शेंदरानं वाचतं, हे पुढच्या शनिवारी आत्यानं सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं. नाही जमलं, तर लेप पुन्हा सुरू.

किमया सगळं ऐकत होती. हळूच म्हणाली, "आत्याआजी, सुई टोचणार?"

"टोचतील, पण एकदाच. आणि मी तुझा हात धरून बसेन. अगदी वचन."

दुसऱ्या दिवशी अंबरीशनं एकाच लोखंडी पट्टीचे तीन तुकडे कापून दिले. एकाला पिवळा दोरा बांधून प्रेमलाताई दर्शनाला गेल्या. "महाराज, याच्यावर नुसता मंत्र टाका. शेंदूर घरचा लावीन." महाराज खूश. डोळे मिटून त्यांनी लांबलचक मंत्र पुटपुटला, तीनदा फुंकर घातली. घरी आल्यावर ताईंनी त्याला शेंदूर लावलाच नाही. दुसरा पांढऱ्या दोऱ्याचा. त्याला ताईंनी बाजारातला शेंदूर अळशीच्या तेलात खलून फासला आणि गच्चीत वाळवला. मारुतीच्या तिळतेलातला शेंदूर ओला राहतो, हा मात्र खडखडीत वाळला. मंत्र नाही की फुंकर नाही. तिसऱ्याला काळा दोरा, बाकी काहीच नाही. तिन्ही मिठाच्या पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवले.

शनिवारी महाराजांनी विचारलं, "किसको अनुभव सुनाना है?"

प्रेमलाताई बरणी घेऊन मंचावर चढल्या. आवाज मुळातच हळू, त्यामुळे मैदानाला गप्प बसावं लागलं.

"हा पिवळा दोरा. याच्यावर महाराजांचा मंत्र आहे." त्यांनी तुकडा वर काढला. लाल पाणी ठिबकलं. "हा काळा, मंत्राशिवायचा. दोघांत फरक दिसतो का कुणाला?"

"दोनों सड़ गए!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हा पांढरा. याला मी शेंदूर लावला. मंत्र मला येत नाही." त्यांनी सुरीनं खरवडलं. आतलं लोखंड चकाकलं.

महाराज हसले. "माई, मेरी शक्ति पूरे देवास में फैली है! पंसारी की दुकान के डिब्बे तक!"

"मग तुम्ही स्वतः फुंकलेल्या तुकड्यापर्यंत का नाही पोचली?"

पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. प्रेमलाताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून बाटली आणि चमचा काढला.

"एवढंच करा महाराज. पोरांना रोज देता ना, तसा एक चमचा तुम्ही घ्या."

"आज मेरा व्रत है."

"व्रतं मीही करते. गेल्या शनिवारी तुमचं व्रत नव्हतं. बाफले होते. पण ताटावर बसण्याआधी तुम्ही साबणानं हात धुतलेत, ब्रशनं नखं घासलीत. नखात कण राहिला म्हणून चेल्यावर ओरडलात. लेप औषध असेल, तर त्याची एवढी भीती कशाला?"

अंबरीश उठून उभा राहिला. "चाटो ना महाराज! मेरी बच्ची तो रोज चाटती थी!"

"चाटो! चाटो!" मैदान उठलं. महाराज चमच्याकडे पाहत राहिले. हात काही पुढे आला नाही. चेल्यानं हळूच माइकची वायर काढली, तसं दोन कामगारांनी त्याला धरून खाली बसवलं.

माइकशिवायच ताई म्हणाल्या, "अळशीच्या तेलात शेंदूर वाळला की लोखंडावर कडक थर बसतो. हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही, म्हणून गंज येत नाही. यात चमत्कार काही नाही. पण तोच शेंदूर पोटात गेला, की त्यातलं शिसं रक्त तयार होऊ देत नाही, पोट दुखवतं, पोरांची बुद्धी मंदावते. रक्तातल्या लोहाला गंज चढत नसतो. ते कमी पडतं आणि जेवणानं, गोळ्यांनी भरून येतं. देवावर श्रद्धा ठेवा, मीही ठेवते. पण लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी 'हे काय आहे?' असं विचारा. आणि कुणी मंत्राचा गुण सांगितला, तर मंत्र वगळून तेच एकदा करून बघा. ज्यांनी ज्यांनी हा लेप दिलाय, त्यांनी मुलांचं रक्त तपासून घ्या."

गर्दीतले काहीजण "शत्रूंनी पढवलेली बाई" म्हणत निघून गेले. बाकीचे बाटल्या घेऊन महाराजांसकट ठाण्याकडे निघाले. अपेक्षा मंचाच्या पायरीशी उभी होती. तिनं किमयाला उचलून पदरानं तिचे ओठ पुसले, पुन्हा पुसले.

सोमवारी सकाळी प्रेमलाताईंनी अथर्वशीर्ष म्हटलं, नैवेद्य दाखवला, मग घोटभर पाणी घेतलं. इंदूरची बस आठची होती. नळावर हात धुतले, नखं उजेडात धरून पाहिली, कोरड्या पंच्याला नीट पुसली. मग दार ओढून घेऊन, किमयाला रक्ततपासणीला न्यायला अंबरीशच्या घराकडे निघाल्या.