भिंतीच्या आत

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी आया जानकी परब हिने एका ख्रिस्ती बाळाचा बाप्तिस्मा केला. तीन वाजून पाच मिनिटांनी बाळ गेलं. तारीख २१ ऑगस्ट १९८४. ठिकाण मुलुंडमधलं, नन्स चालवत असलेलं वीस खाटांचं प्रसूतिगृह.

फादर लोपीस संध्याकाळी सहाला आले. दुपारी ते भांडुपला एका आजाऱ्याकडे गेले होते. चर्चमधला फोन नुसता वाजत राहिला. सिस्टर ऑपरेशनमध्ये होत्या. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ निळं पडायला लागलं तेव्हा सहा नंबरच्या खाटेपाशी जानकी एकटीच होती.

फादर मूळचे वसईचे. प्रश्न वकिलासारखे विचारायचे. वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसून त्यांनी बाप्तिस्म्यांची वही उघडली.

"जानकीबाई, तुम्ही हिंदू ना?"

"हो. मालवणकडची. घरी गणपती येतो आमच्या."

"मग हे का केलंत?"

"फिलूबाईने हात धरला माझा. म्हणाली, मावशी, पाणी घाल, याला तरी भिंतीच्या आत जाऊ दे."

फादरांना खुलासा लागला नाही. बाळाची आई फिलोमिना कोरिया हिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी मेलेलंच जन्मलं होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, आणि बाप्तिस्म्याविना दफनभूमीत जागा नाही. आधीच्या फादरांनी त्याला तिच्या भिंतीबाहेर, चिंचेखाली पुरायला सांगितलं होतं.

"जीव जात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. हिंदूसुद्धा," फादर म्हणाले. "पण पाणी ओतणारा आणि शब्द म्हणणारा माणूस एकच लागतो. शब्द कोणी म्हटले?"

"मी."

"येतात तुम्हाला?"

"नऊ वर्षं सिस्टरांच्या बाजूला वाटी धरून उभी राहते मी. न यायला काय झालं?"

दुसरी आया शकु दारात उभी होती. "खोटं कशाला बोलू, फादर. मला फिलूबाईचाच आवाज आला. ही नुसती ओतत होती."

जानकी वळली. "तू बेसिनपाशी चादरी धूत होतीस, शकु. नळ चालू होता तुझा."

"कान उघडे होते ना!"

फादरांनी पेनाला टोपण लावलं. शकुचं खरं असेल तर बाप्तिस्मा झालाच नव्हता, आणि आता तो पुन्हा करता येणार नव्हता. मग हेही मूल चिंचेखाली.

"फिलोमिना तेव्हा काय म्हणत होती?"

"प्रार्थना. रडत, मोठ्याने. मी हळू म्हटलं. बाजूच्या बाया झोपल्या होत्या."

"आणि तुमच्या मनात काय होतं?"

"तुम्ही असतात तर जे केलं असतंत, ते करायचं. तुम्ही नव्हतात."

फादर उठून बेसिनपाशी गेले. त्यांनी शकुला नळ सोडायला सांगितलं आणि जानकीला सहा नंबरच्या खाटेशी उभं केलं. "दुपारी म्हटलंत तसंच म्हणा. तेवढ्याच आवाजात."

फिलू उशीवरून मान वळवून बघत होती.

जानकीने पदर नीट केला. रिकामी ओंजळ पुढे धरली. तिचे ओठ हलताना फादरांना दिसले. ऐकू आला तो फक्त नळ.

"आलं ऐकू?" त्यांनी शकुला विचारलं.

शकुने नळ बंद केला. "नाही. मी काय मुद्दाम नव्हते बोलले हो."

"मला आलं," फिलू खाटेवरून म्हणाली. "'इनास, मी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते.' दुपारी पण आलं."

फादर बाकावर परतले. मुलाच्या नावापुढे त्यांनी 'इनास कोरिया' लिहिलं. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात त्या वहीत आजवर फादर आणि सिस्टर यांचीच नावं होती. तिथे त्यांनी विचारून, सावकाश, 'जानकी लवू परब, आया' असं लिहिलं.

"आता गळ्यात क्रूस घाल," शकु म्हणाली.

"तू आधी चादरी पीळ," जानकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इनासला भिंतीच्या आत, तिसऱ्या ओळीत पुरलं. बाप मस्कतला होता. त्याला तार गेली होती. फिलूला उठायची परवानगी नव्हती. जानकी पांढऱ्या साडीत फाटकाशीच थांबली होती. फादरांनी हाताने बोलावलं तेव्हा ती आत आली, चप्पल काढली आणि फिलूच्या वाटची मूठभर माती टाकली.

त्याच दुपारी फादरांनी बिशपना पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात इनासच्या बाप्तिस्म्याची हकिकत होती. तिथे त्यांनी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्यात विचारलं होतं: याच आईचं पहिलं मूल बाहेर आहे. आईबापांना त्याचा बाप्तिस्मा करायचाच होता. चर्चच्या नव्या नियमाप्रमाणे अशा मुलासाठी बिशप परवानगी देऊ शकतात. त्याला आत आणावं का?

फिलू आता दर रविवारी दोन मेणबत्त्या आणते. एक आत लावते, एक चिंचेखाली. चिंचेखालची वाऱ्याने विझते; जानकी सोबत असली तर हाताचा आडोसा धरते.

ऑक्टोबर संपला. पत्राचं उत्तर आलेलं नाही.