कानाकडे बघताना

“आई, तू माझ्याकडे बघत का नाहीस?”

लेकीने हे विचारलं तेव्हा तिची बॅग अजून उघडलीही नव्हती. चार वर्षांनी पोरगी घरी आली होती, समोर खुर्चीत बसली होती, आणि आईची, म्हणजे काजमावशीची, नजर तिच्या कानावरून पलीकडे भिंतीवर गेलेली. “बघतेय की,” मावशी म्हणाली. लेकीला ते पटलं नाही. तिने परदेशातली नोकरी धरली तेव्हा आई रुसली होती. तो राग अजून उतरला नाही, असं तिच्या मनाने घेतलं. ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

राग कसला! मावशीचे डोळे त्या चेहऱ्यासाठी आसुसले होते. पण तो दिसायला तर हवा.

मावशीने तीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात हाताने काजं केली. तिच्यावाचून मास्तरांचं पान हलत नसे, म्हणून सगळ्या गल्लीची ती काजमावशी. दोन वर्षांपूर्वी कापडावरची खडूची सरळ रेघ तिला मध्येच वाकलेली दिसू लागली. तिने आधी खडूला नावं ठेवली, मग मास्तरांच्या हाताला, मग चष्म्याला. डोळ्यांच्या दवाखान्यात पोचली तोवर उजव्या डोळ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पडदा असतो. त्याच्या नेमक्या मधोमध, जिथून आपण अक्षरं वाचतो, माणसं ओळखतो, तिथे नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्यांतून पाणी झिरपतंय. उजव्या डोळ्यात वण पडला, तो जायचा नाही. डाव्यात नुकतंच सुरू झालंय; तो इंजेक्शनांनी राखता येईल, पण एकही चुकवायचं नाही.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मावशीला घाम फुटला होता. प्रत्यक्षात थेंब घालून डोळा बधिर करत, आणि कुणी बोट टेकवल्यासारखं व्हायचं, एवढंच. पण नंतर दिवसभर सगळं धुरकट. घरी आणायला कुणीतरी लागायचं. पाच वेळा मास्तर आले. मग शाळांच्या गणवेशांची घाई सुरू झाली, दुकानात मान वर करायला फुरसत नाही, आणि मावशीला पुन्हा विचारायचा संकोच वाटला. दोन इंजेक्शनं चुकली. फोनवर लेकीला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. हातचं काम टाकून धावत येईल, ही भीती. तेवढ्यात डाव्या डोळ्यापुढेही मधोमध करडा डाग येऊन बसला.

लेक तोंड पुसत बाहेर आली तेव्हा मावशीने तिला जवळ बसवलं.

“मी तुझ्या तोंडाकडे बघितलं ना, की तोंडच नाहीसं होतं. कानाकडे बघितलं की बाजूने जरासं दिसतं. म्हणून कानाकडे बघते, बाळा.”

लेक तिकडे वृद्धाश्रमात कामाला होती. ती म्हणाली, “रोज किती जणांच्या डोळ्यांत औषध घालते मी.”

दुसऱ्या दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई मावशीला चांगल्याच रागावल्या, मग इंजेक्शन दिलं. सूज उतरेल, म्हणाल्या, थोडं उजळेलही. पण फरक कळायला तीन-चार आठवडे जातील. लेकीच्या सुट्टीचे नऊच दिवस उरले होते.

मी जातच नाही, असं लेक दोनदा म्हणाली. मावशीने मनावर घेतलं नाही. गेलीस म्हणून रुसले होते, आता राहिलीस तर त्याहून रुसेन, म्हणाली. मग लेकीने इंजेक्शनांच्या तारखा जाड काळ्या शाईने कॅलेंडरवर लिहिल्या, शेजारणीला गाठलं, मास्तरांना फोन केला, आणि कुणी कधी जायचं ते ठरवून टाकलं. संध्याकाळी ती उजेडाला बसायची, मान वळवून कान आईपुढे करायची आणि तिकडच्या म्हाताऱ्यांच्या गमती सांगायची. मावशीची नजर तिच्याभोवती हळूहळू फिरत राहायची. कधी कधी ऐकायचंही राहून जायचं.

लेक गेली. महिन्याभराने खडूची रेघ बऱ्यापैकी सरळ झाली. काजं आता दुसरीच मुलगी करत होती. मावशी बोटांनी चाचपून बटणं लावायची.

“घाईत मला काही तिला भेटता आलं नाही,” मास्तर एका दुपारी म्हणाले. “कशी दिसते आता पोरगी?”

“केस कापलेत. आणि कानामागे एक पांढरी बट आलीय. तिला ठाऊक नसेल.”

“आणि तोंडावरून? आता तुमच्यासारखी दिसायला लागलीय की बापासारखी?”

मावशीने बटणाच्या भोकातून सुई वर काढली, दोरा ताणून घेतला.

“पुढच्या खेपेला सांगेन,” ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली.