ज्योत्स्नाताईच्या हातचं

कारंजा लाडमध्ये नव्या दुकानाचं पत्रक असो की लग्नाची पत्रिका, माणसं गोविंदसिंगच्या छापखान्यात येत आणि आल्या आल्या म्हणत, "ज्योत्स्नाताईच्या हातचं पाह्यजे." ज्योत्स्ना मूळची इंझोरीची. नवरा राजू शहराला लागून असलेल्या वाडीत भाजीपाला करायचा. शिकलेली सून घरी बसून काय करणार, म्हणून ती छापखान्यात प्रुफं तपासायला लागली आणि तपासता तपासता लिहायलाही लागली. फार थोर लिहायची असं नाही. पण गिऱ्हाइकाला बसवून घेऊन बोलतं करायची आणि त्याच्याच तोंडचा एखादा शब्द उचलून कागदावर ठेवायची. माणसाला वाटायचं, हे तर आपलंच.

मग गोविंदसिंगने फोनवर एआय वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाईक जे सांगेल ते टाकलं की ते चहा येईपर्यंत मजकूर तयार करून द्यायचं.

"ताई, तुमी आता फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहून देत जा," तो म्हणाला. पगार त्याने कमी केला नाही. फक्त गिऱ्हाइकांना काही सांगितलं नाही. कोणी विचारलं की ज्योत्स्नाच्या टेबलाकडे हात दाखवायचा. तिनेही तोंड उघडलं नाही. काम हलकं झालं होतं आणि यंत्राच्या मजकुरात खोट काढावी असं तिला काही सापडत नव्हतं. वाचलं की बरं वाटायचं, पान उलटलं की आठवायचं नाही, एवढंच.

तुळशीचं लग्न झालं आणि बाजारात लगनसराई सुरू झाली. मानोऱ्याकडून बस्ता बांधायला येणाऱ्या बाया एस.टी. स्टँडवरून थेट कापडलाइनीत शिरू लागल्या. या लाइनीत ललिताबाईंचं साड्यांचं दुकान होतं आणि बरोबर समोर त्यांचे दीर भगवंतराव यांचं. आधी दुकान एकच होतं. वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांकडे पाहतसुद्धा नव्हते.

त्या सकाळी ललिताबाई दोन पत्रकं हातात धरून छापखान्यात आल्या. दोन्ही ज्योत्स्नाच्या टेबलावर आपटली. एक त्यांचं, एक दिराचं. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती: 'विश्वासाची वीण, पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं.'

"काहून व पोरी, माही ओळ तू त्याले इकली?"

ज्योत्स्नाने दोन्ही उचलून पाहिली. दोन्ही पत्रकं तिनेच तपासली होती, पण मध्ये आठवडा गेला होता आणि ओळ लक्षात राहण्यासारखी नव्हती. "काकू, हे मी नाही लिहलं. मशीननं लिहलं."

"मशीन कायले चोरी करीन? तिले काय आमच्या घरचं भांडन मालूम हाय?" ललिताबाई गोविंदसिंगकडे वळल्या. "सांगा भाऊ, कोनं लिहलं?"

गोविंदसिंग शाईचा डबा पुसू लागला. "लिहतात तर ताईच," तो म्हणाला. "फोनची थोडीशी मदत घेतो, बस."

ज्योत्स्नाचे कान तापले. तिने त्याचा फोन उचलला आणि ललिताबाईंच्या देखत साड्यांच्या दुकानासाठी ओळ मागितली. फोनवर आलं: 'रंग सणांचे, क्षण आनंदाचे.'

"पाह्य," ललिताबाई म्हणाल्या, "मशीन तर नवीनच देऊन राह्यली." आणि पत्रकं तिथेच टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी वाडीत राजू सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "माफी मांगून टाकाची होती. संपलं असतं."

"माही चूक असती तर मांगतली असती."

"मग मशीनचं लिहलेलं तुह्या नावावर इतके दिवस चालू कायले देलं?"

ती खाली बसली आणि जुड्या बांधू लागली.

दुसऱ्या दिवशी ती गोविंदसिंगला म्हणाली, "भाऊ, लोकायले खरं सांगा. नाहीतर माहं नाव तरी घेऊ नका."

गोविंदसिंग रागावला नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "ताई, समजा सांगतलं. फोन तर सगळ्याच्याच खिशात हाय. मंग ते माह्याकडं लिहून घ्याले कायले येतीन? तुमच्या नावानं येतात, म्हून छपाई होते."

त्याने काल खोटं का सांगितलं ते तिला तेव्हा कळलं. यंत्राने तिचं काम घेतलं होतं, पण भीती त्यालाही होती. कळलं म्हणून राग गेला नाही. ती उठली, पदर खोचला आणि सरळ ललिताबाईंच्या दुकानात गेली.

ललिताबाईंनी बस म्हटलं नाही. ज्योत्स्नाने गल्ल्याजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेला हाक मारली. "सुप्रिया, तुह्या फोनवर विचार. दुकान जुनं हाय, घरचं हाय, दोन पिढ्यांचं गिऱ्हाईक हाय, असं सारं सांग. तुह्याच शब्दांत."

सुप्रियाने टाइप केलं. आलेलं मोठ्याने वाचलं: "'विश्वासाच्या धाग्यानं विणलेलं पिढ्यांचं नातं.'"

मग ललिताबाई फसकन हसल्या. "म्हंजे त्यानंही हेच सांगतलं असन. जुनं हाय, घरचं हाय."

"सांगतलं असन. दुकान तर एकच होतं ना, काकू."

ललिताबाईंचं हसू थांबलं. त्यांनी समोरच्या दुकानाकडे एकदा पाहिलं. मग ज्योत्स्नासाठी चहा मागवला, कालच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको म्हणाल्या. चहा संपल्यावर म्हणाल्या, "पन मंग आता तुह्याकडं कायले येऊ, बाई? सुप्रियाच लिहीन."

यात रागवण्यासारखं काही नव्हतं. नाव धुऊन निघालं आणि गिऱ्हाईक गेलं.

गोष्ट कापडलाइनीत फिरली, तिथून धान्यबाजारात गेली. दुकानदार आपापल्या फोनवर मजकूर करून आणू लागले. गोविंदसिंगची छपाई त्याला वाटलं होतं तितकी तुटली नाही. लिहायचं काम मात्र संपलं. ज्योत्स्नाने महिनाअखेरीस टेबल रिकामं केलं. गोविंदसिंग दारापर्यंत आला. "ताई, त्या दिवशी मी खरं बोलाले पाह्यजे होतं," म्हणाला. ती "हो" म्हणाली आणि निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती राजूबरोबर बाजारात बसू लागली.

पौष संपता संपता भगवंतराव वाडीवर आले. धोतर सावरत बांधावर बसले.

"मले वहिनीसारखं नोको," ते म्हणाले. "फोन फिरून फिरून तेच देते."

"तुमच्या दुकानात येगळं काय हाय, काका?"

भगवंतरावांनी बराच विचार केला. "काही नाही. माल दोघायचा एकाच व्यापाऱ्याकडचा." मग आठवून म्हणाले, "एक हाय. कोनी साडी वापस आनली तर मी कटकट करत नाही. वहिनी करते."

ज्योत्स्नाने हात पुसले आणि राजूच्या खिशातून पेन घेतलं. लिहिलं: 'साडी बदलून देतो. तोंड वाकडं करत नाही.'

"एवढंच?"

"एवढंच."

भगवंतरावांना ते भिकार वाटलं, पण दुसरं काही सुचेना म्हणून छापलं. लोक वाचून हसले, एकमेकांना सांगू लागले, बस्त्यांना गर्दी झाली. पंधरवड्याने ते तणतणत भाजीबाजारात आले.

"पोरी, लोकं खरंच वापस घिऊन येऊन राह्यले! काल एकीनं तर नेसलेली आनली."

ज्योत्स्ना गिऱ्हाइकाला पालक देत होती. "मंग काय केलं?"

"काय करतो? देली बदलून." त्यांनी समोरची मेथी चाचपली. "तोंड वाकडं होत होतं. पन दाबलं."

तिने त्यांना मेथीची एक जुडी दिली आणि ते तशीच बगलेत मारून दुकानाकडे गेले.