हळदीचं बोट लागलेली चकरी

जरा हळू उघडा हो तो डबा! झाकण असं फाडकन निघालं की माझा जीव उडतो. मी चकरी बोलतेय. मासे धरायच्या काठीला जे रीळ असतं, त्याच्या पोटात फिरणारी, अंगावर शंभर वार तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची चकरी. एवढीशी आहे, तुमच्या मुठीत मावेन. भीती मात्र माझ्यात मावत नाही.

जन्मानं मी भित्री नव्हे. नागापूरच्या एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेल्या जाड गजाचा मी तुकडा. गजाला कसली आलीय भीती? ती मला दिली भिमाजीनं. भिमाजी तिथला टर्नर. दोन वर्षं लेथवर उभा, तरी अजून टेंपररी. साल होतं बहात्तर. पावसानं पाठ फिरवलेली, आणि वर्कशॉपच्या फाटकाशी रोज पंधरा-वीस माणसं काम मागायला उभी असायची. त्यांच्याकडं न बघता भिमाजी आत शिरायचा.

तिथल्या मॅनेजरांचं नाव साळवे साहेब. त्यांना मासे धरायचा भारी नाद. त्यांचं रीळ वडिलांच्या वेळचं, मिशनच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं मायदेशी जाताना दिलेलं. एका सोमवारी त्यांनी ते भिमाजीच्या हातात ठेवलं. "रविवारी भंडारदऱ्याला जायचंय. तेवढं साफ करून ठेव."

भिमाजीनं रोजची रीत धरली. वंगणानं माखलेले लोखंडी भाग तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकायचा आणि तासाभरानं लख्ख काढायचा. रिळाचं बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचं, झाकण तेवढं बाजूला ठेवून बाकीचे भागही त्यानं तसेच टाकले आणि लेथवर गेला. पितळ राहिलं, लोखंड राहिलं. पण आतली चकरी अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि अ‍ॅल्युमिनियमला सोडा खाऊन टाकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. परत येऊन बघतो तर पाणी फसफसतंय आणि तळाशी पापडासारखं पातळ, काळंठिक्कर काहीतरी पडलंय. ती माझी थोरली बहीण. मी कोपऱ्यातून सगळं बघत होते.

कायम करायच्या माणसांची यादी पुढच्या सोमवारी लागणार होती, आणि ती साळवे साहेबच करणार होते. भिमाजीनं तो काळा तुकडा खिशात घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं गज लेथला लावला. हत्यार अंगाला टेकलं तेव्हा मी किंचाळले. माणसं त्याला लेथचा आवाज म्हणतात. गजातून दोनच चकऱ्या निघाल्या. मापाला हुबेहूब, पण कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमचा हाताला काळा डाग लागतो. जुनीची कांती चांदीसारखी होती, हाताला काही न लागणारी. भिमाजी शहरात मुलामा देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं गेला. म्हातारा म्हणाला, "त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. बॅटरीचं अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, शिशाचा पत्रा एका तारेला, वस्तू दुसऱ्या तारेला. आधी पाणी, मग अ‍ॅसिड. उलटं केलंस तर डोळे जातील. आणि शेवटी अर्धा तास उकळ, म्हणजे धातूची भोकं मिटतात. तोवर ती काहीही पितात, ध्यानात ठेव."

हे सगळं त्यानं घरी मांडलं, शनिवारी सुट्टी टाकून. घर म्हणजे दोन खोल्या. बायको मनकर्णा चुलीपाशी. ट्रकची जुनी बॅटरी त्यानं दारात ठेवली. अ‍ॅसिड चिनी मातीत टिकतं, म्हणून लोणच्याची बरणी घेतली.

"लोणचं कुठं ठेवू आता?" मनकर्णा म्हणाली.

"डोक्यावर ठेव माझ्या! पर ह्या बरनीला हात लावू नगंस. हाड दिसंल हाताचं."

"मंग घरात कशाला आनलंय असलं?"

"तुझ्या कुंकवाची नोकरी हाय त्यात," भिमाजी म्हणाला. मनकर्णेनं लोणचं एका गाडग्यात भरलं.

माझी जोडीदारीण आधी गेली. तिला त्यानं तांब्याच्या तारेनं टांगली. अ‍ॅसिडनं तारच खाल्ली, बरणीतलं पाणी निळसर झालं, ती तळाशी पडून डागाळली. आता राहिले मी एकटी. मी फसले तर तिसरी नव्हती, गज संपला होता. मला भंगाराची भट्टी दिसायला लागली.

आधी मला सोड्याच्या पाण्यात बुडवलं. हो, त्याच सोड्यात, ज्यानं माझ्या बहिणीला खाल्लं! अंग स्वच्छ व्हायला तेवढं लागतं म्हणे. "दहा मोजीस्तोवर," भिमाजी पुटपुटला आणि मोजायला लागला. एक, दोन... माझ्या अंगाला बुडबुडे फुटले. दहा म्हणेपर्यंत मी संपलेच असं मला वाटलं. मग पाण्यातून काढून अ‍ॅल्युमिनियमच्या तारेनं बरणीत सोडली. त्यानं बॅटरीला चिमटा लावला आणि मनकर्णेला ढकलून मागं सारलं. मला हजार मुंग्या डसल्या. पाऊण तास ते चाललं. त्या वेळात माझ्या अंगावर एक नवी, कडक कातडी आली, आणि तिला बारीक बारीक भोकं होती. प्रत्येक भोक तहानलेलं होतं.

तहान त्या घरालाही होती. मला धुण्यातच दोन घागरी गेल्या, उकळायला पाणी उरलं नाही. भिमाजीनं मला धुतलेल्या फडक्यावर ठेवलं आणि घागर घेऊन विहिरीकडं पळाला. जाताना पुन्हा ओरडला, "बरनीला हात लावू नगंस!"

मनकर्णेनं बरणीला हात लावला नाही. ती माझ्यापाशी आली. मला वाटलं नुसतं बघेल. पण घरात नवी वस्तू आली की ती वापरायच्या आधी तिला हळदीकुंकू लावायचं, मग ती खुरपं असो की शिलाईचं मशीन, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं करंडा आणला. हळद पाण्यात कालवली. मला दोन्ही काठांना अलगद धरलं आणि करंगळीशेजारच्या बोटानं माझ्या कमरेवर हळद टेकवली, वर कुंकू.

"माझ्या धन्याची नोकरी टिकव गं बाई," ती म्हणाली.

मी काय करणार होते? माझी भोकं उघडी. मी ती हळद प्यायले. कुंकूही प्यायले. तिच्या बोटाच्या रेघासुद्धा प्यायले.

भिमाजी घागर घेऊन आला आणि त्यानं मला बघितलं. मग पाण्यानं चोळलं, साबणानं चोळलं, लिंबू लावलं. डाग हलेना. मनकर्णा राख घ्यायला धावली, तेव्हा तो ओरडला, "राख नगं! कातडं जाईल तिचं!" तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती रडली नाही, नुसती आपल्या बोटाकडं बघत राहिली. "म्या चांगल्यासाठीच केलं हुतं वो," ती म्हणाली.

"तुला सांगायचं राह्यलं माझ्याकडनं," भिमाजी म्हणाला आणि मला उकळत्या पातेल्यात सोडलं. अर्ध्या तासानं माझी सगळी भोकं मिटली. ते बोट आत कायमचं राहिलं.

मग त्याला सुचलं. डाग माझ्या कमरेवर होता, आणि कमरेवर तंगूस गुंडाळतात. त्यानं शंभर वार तंगूस माझ्यावर घट्ट गुंडाळला. बोट झाकलं गेलं. रीळ नव्यासारखं दिसायला लागलं. संध्याकाळी साळवे साहेबांनी ते हातात फिरवून बघितलं आणि खूश झाले.

"वा! उद्या तूच चल माझ्याबरोबर. काही बिघडलं तर जवळ माणूस असलेला बरा."

भिमाजीला नाही म्हणता आलं नाही. मला तर बोलताच येत नव्हतं.

भंडारदऱ्याचं पाणी त्या साली पार खाली गेलं होतं. काठाचे खडक उघडे पडले होते. साहेब एका खडकावर बसले, गळ लांब टाकला. थोडा तंगूस सुटला, मी थोडी हलकी झाले आणि थोडी जास्त घाबरले. दोन तास काहीच झालं नाही. भिमाजी देवाला हेच मागत असणार. गळाला मासा लागू नये म्हणून नवस बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

आणि मग खडस लागला. खडस म्हणजे दांडगा, ओढीला बैलासारखा मासा. तो सरळ खोल पाण्याकडं सुटला. मी गरागरा फिरायला लागले. वीस वार गेलं, चाळीस गेलं. साहेब आनंदानं ओरडत होते, "जाऊ दे त्याला, जाऊ दे! दमेल!" भिमाजी पाण्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. अंगावरचा एकेक थर निघत होता. साठ. सत्तर. भर बाजारात कुणी लुगडं फेडावं तशी माझी गत झाली होती. ऐंशी. आता दोनच थर.

"साहेब, ती चकरी तुमची न्हाई!" भिमाजी ओरडला.

"काय?"

"तुमची म्या सोड्यात जाळली. ही म्या घरी केलीय. लपवून ठिवलं. चुकलं माझं!"

"अरे, जाळी घे आधी, जाळी!"

तेवढ्यात मासा थांबला. माझ्या अंगावर एकच थर उरला होता, बोट अजून झाकलेलंच होतं. भिमाजी दहा श्वास गप्प राहिला असता तर कुणालाच कळलं नसतं. साहेबांनी तंगूस परत ओढायला घेतला, तसा खडसानं खडकाला वळसा घातला, तटकन आवाज आला, साहेब मागं आपटले, रीळ खडकावर आदळलं आणि त्याचं झाकण चिरलं. मासा गेला.

मग साहेबांनी माझ्यावरचा उरलेला तंगूस स्वतःच्या हातानं उलगडला.

"हे काय आहे?"

"आमच्या मंडळीचं बोट हाय." भिमाजीची मान खाली होती. "नवी वस्तू म्हनून हळदीकुंकू लावलं तिनं. म्या पानी आनाया गेल्तो."

साहेबांनी अंगठा ओला करून मला घासलं. काही गेलं नाही. "चकरी माझ्या वडिलांची होती," ते म्हणाले. "पण गेली ती चुकून गेली. आठवडाभर माझ्या तोंडाकडं बघून तू गप्प राहिलास, ते चुकून नाही." भिमाजीनं मान हलवली. "सोमवारी केबिनमध्ये ये."

घरी पोचल्यावर साहेबांनी मला फलाणीच्या मऊ कापडात गुंडाळून या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण लागलं.

तो सोमवार मला दिसला नाही. अंधारात मी फक्त विचार करत राहिले. यादीत त्याचं नाव लागलं का? की तोही आता फाटकाबाहेर उभा असतो? मनकर्णा आपल्या बोटाला दोष देत बसली असेल का? तिनं माझ्याकडं एकच मागणं मागितलं होतं, आणि मी तिचंच बोट साहेबांना दाखवलं. कित्येक दिवस गेले, कोण जाणे. दर आवाजाला वाटायचं, आता भट्टी.

एका दुपारी डब्याचं झाकण उघडलं. मला उचलणारे हात मी लगेच ओळखले. भिमाजीचे हात!

त्यानं रिळाचं चिरलेलं झाकण काढलं आणि नवं बसवायला घेतलं. अ‍ॅल्युमिनियमचं, चांदीच्या कांतीचं, घरीच बरणीत केलेलं. साळवे साहेब खुर्चीत बसले होते.

"आतली बाजू दाखव आधी," ते म्हणाले. "लावलंय ना?"

"व्हय साहेब. उकळायच्या आधीच लावलंय. ती म्हनली, आता वो कशाला? म्या म्हनलं, साहेबांनी मागितलंय."

त्यानं झाकण उलटलं. आतल्या बाजूला हळदीचं बोट होतं, मधे कुंकू. रेघ न् रेघ माझ्यासारखी.

"आणि लेथवर नवीन पोरांना सोड्याचं सांगितलंस का?"

"पहिल्या दिशीच सांगतो, साहेब. कायम झाल्यापास्नं त्येच काम हाय माझं."

तर अशी मी. अजून दचकते, स्वभावच झालाय. म्हणून म्हणते, हळू उघडा डबा, आणि कधी मळले तर पाण्यानं पुसा, राख लावू नका. त्या दुपारी रिळाचं नवं झाकण माझ्या शेजारी बसलं, तेव्हा ते थरथरत होतं. नुकतंच सोड्यातून, अ‍ॅसिडातून, उकळत्या पाण्यातून आलेलं. मी त्याला म्हटलं, भिऊ नकोस. आपल्या दोघांवर मनकर्णेचा हात आहे.