धाक

चष्म्याच्या डाव्या काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता, शेंगदाण्याच्या लाडवाचाच असणार, आणि सुप्रिया तो पदराने पुसत होती — पुसला की पसरायचा, पसरला की ती पुन्हा तोंडाची वाफ सोडायची. समोर तिची लेक स्वरूपा डोळे बारीक करून उभी होती. असे डोळे केले की ही पोरगी चार घरं भांडून आल्यासारखी दिसते... दुसरीच्या बाईंनी तिला उद्धट ठरवलं ते याच चेहऱ्यावरून. आणि मी? मीही ठरवलंच होतं की.

दारात मोटरसायकल थांबली. तिचा नवरा रणजित वडगाव निंबाळकरहून साखरआत्यांना घेऊन आला होता. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून या घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. पोरीला शेळगावात ठेवायचं की वळण लागावं म्हणून जूनपासून निवासी शाळेत घालायचं, हे त्या आज तिला बघून सांगणार होत्या. चष्म्यानं वळण लागतं व्हय, असं रणजित परवाच म्हणाला होता. सुप्रियाने चष्मा पोरीच्या कानांवर बसवला. हातातली पोर हातातून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं.

आत्या कॉटवर बसल्या. सुप्रिया चहा टाकायला आत गेली, पण उभी राहिली ती स्वयंपाकघराच्या दारातच, तिथून सगळी खोली दिसते म्हणून. कळंबला तिच्या माहेरी आईही अशीच दारात उभी राहायची. पाहुण्यांपुढे पोरांवर ओरडायचं नाही, हात तर नाहीच. लांबून डोळे वटारायचे, आणि चार भावंडं जागच्या जागी गार. सुप्रियाने संसाराला भांडीकुंडी आणली तशी ही रीतही आणली होती. फक्त स्वरूपापुढे ती कधी चालली नाही. आत्यांच्या नातवाच्या बारशाला तर हद्द झाली — ही पाळण्यात वाकून बाळाच्या तोंडाला तोंड लावते काय, बायका हां हां म्हणतात काय, आणि सुप्रियाने बायकांच्या घोळक्यातून डोळे मोठे केले तर ही तिच्याकडे बघून चक्क हसली. निगरगट्ट! त्या दिवशी घरी आल्यावर...

मग शाळेत डोळे तपासणारे आले, त्यांनी बारामतीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हातभर अंतरापलीकडचं हिला सगळं धूसर दिसतंय, दुरून माणसाचं तोंड नुसतं ढगासारखं. इतके दिवस कळलं कसं नाही? कसं कळणार? ती माझ्या साडीच्या रंगाकडे बघून हसत होती, हे मला कोण सांगणार होतं...

चहा वर आला. तो उतरवून सुप्रियाने मान वळवली. आत्या रणजितशी बोलण्यात रंगल्या होत्या आणि स्वरूपा कॉटवरच्या त्यांच्या पानाच्या बटव्याकडे हात नेत होती. नाडी सैल झाली होती; चुन्याची डबी बाहेर डोकावत होती. आज नको गं... आजचा दिवस तरी नको. असं मनात म्हणता म्हणताच तिचे डोळे वटारले गेले होते, जबडा आवळला गेला होता, सवयीने, आईसारखा.

स्वरूपाने वर पाहिलं. हात तिथंच थांबला. मग तिने तो अंगाशी ओढून घेतला आणि मांडी घालून बसली, पाठ ताठ, ओठ मिटलेले. रक्त उतरलेल्या त्या एवढ्याशा तोंडावर चष्मा फार मोठा वाटत होता.

आत्यांचं लक्ष गेलं. बटव्याकडे, पोरीकडे, मग दाराकडे बघून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"आली की धाकात. ऱ्हाऊ दे हितंच. कशाला धाडतूयास?"

रणजित हसला, कितीतरी दिवसांनी. झालं. पोर राहिली. सुप्रियाला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण आत्यांनी पुढे केलेला लाडू पोरीने घेतला नाही. आधी आईकडे पाहिलं. घे, असं सुप्रियाने मानेने सांगितलं, तेव्हा घेतला, आणि हातातच धरून ठेवला.

कपबशा आत नेल्या तशी स्वरूपा मागोमाग आली. ओट्यापासून दोन पावलांवर थांबली. एरवी येऊन पायांना बिलगणारी पोर.

"आई, तू आदी बी माज्याकडं अशीच बघायचीस?"

आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. सुप्रिया नळाकडे तोंड करून उभी राहिली. वळायला तर हवं होतं... पण पोर आता सगळं बघणार होती, आणि वळताना आपला चेहरा कसा ठेवायचा हेच तिला सुचेना.